पांढरे ठिपके : एक चुकलेले वाचन

धाराशिवहून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी तीनशे किलोमीटरांच्या आसपास दूर आहे, आणि मधे सह्याद्री उभा आहे. अशा गावी खाऱ्या पाण्यातल्या माशांची काचपेटी बाळगणे हा एक प्रकारचा उद्दामपणा आहे, हे आम्हांस मान्य आहे. टँकरच्या वाटेकडे डोळे लावून उन्हाळे काढलेल्या जिल्ह्यात आम्ही दोनशे लिटर पाणी आधी गाळतो, त्यातले बोअरचे सारे क्षार काढून टाकतो, आणि मग त्याच पाण्यात लिटरमागे ३५ ग्रॅमच्या हिशेबाने विकतचे समुद्री मीठ कालवून ते पुन्हा खारे करतो. गाळणयंत्रातून वाया जाणारे पाणी धुण्याभांड्यांना वापरतो, एवढेच काय ते आमच्या पदरी पुण्य.

तसे समुद्राचे आमच्या मुलखाला अगदीच वावडे आहे असेही नाही. इथून जवळचे तेर म्हणजे ‘पेरिप्लस’मधले तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या त्या ग्रीक प्रवासपुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे म्हटले आहे, आणि तिथले कापड गाड्यांतून भडोचच्या बंदराला जात असल्याची नोंद आहे. तेव्हा आमच्याकडून माल समुद्राकडे जाई. आम्ही उलट दिशेने समुद्र गावात आणला, इतकेच. पेटीत प्रवाळ नाही. २००१ पासून ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते घरात असणे आम्हांस पटतही नाही. त्याऐवजी तेरच्या एका कुंभाराकडून आणलेली बिनझिलईची, भाजलेली मडकी फोडून त्यांचा डोंगर रचला आहे. त्यात नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशची एक जोडी आणि शंखात राहणारे दोन खेकडे वर्षभर सुखाने नांदत होते.

सुख पुरेसे वाटले नाही. २०२४ च्या जुलैत आम्ही मुंबईच्या एका दुकानातून ‘पावडर ब्लू टँग’ आणला. हिंदी महासागरातला हा मासा. आकाशी अंग, काळा चेहरा, गळ्याखाली पांढरी पट्टी आणि पाठीवर पिवळा पर. दोनशे लिटरच्या पेटीत हा लांब पल्ल्याचा पोहणारा ठेवणे हाच मुळात अपराध होता. शिवाय पांढऱ्या ठिपक्यांचा रोग या माशाला फार लवकर धरतो, हे मासे पाळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. आम्हांसही ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि थर्माकोलच्या खोक्यातून लातूर एक्स्प्रेसने रात्रभर मांडीवर आणलेला मासा सकाळी पिशवीत जिवंत हलताना पाहणे निराळे. ६ जुलैच्या शनिवारी आम्ही पिशवी पेटीत तरंगत ठेवली, तासाभराने मासा सोडून दिला.

नव्या माशाला निदान महिनाभर वेगळ्या भांड्यात ठेवावे हा या छंदातला पहिला नियम आहे. २०२० नंतर ‘विलगीकरण’ हा शब्द आपल्या भाषेत घरोघरी रुळला. आम्ही तर तो शब्द व्याकरणाच्या तासाला फोडूनही दाखवला होता. तेरच्याच गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणे मारून मडके कच्चे की पक्के ते पारखल्याची कथा आम्ही दरवर्षी सांगतो. नव्या पाहुण्याला पंगतीत बसवण्यापूर्वी पारखावे हे मात्र आम्हांस सुचले नाही.

मंगळवारी टँगच्या परांवर आणि पाठीवर पांढरे ठिपके दिसले. मिठाच्या कणाएवढे, उठावाचे, मोजून तेरा. पांढरा ठिपका हे एक लक्षण आहे, आणि लक्षणावरून अर्थाकडे जाण्याच्या वाटा अनेक आहेत. ती वाळू असू शकते. पंपातून निघालेले बुडबुडे असू शकतात. ते फडफडीसरशी सुटतात. पिठाची धूळ बसावी तसा बारीक, किंचित पिवळसर थर असेल आणि बॅटरीचा झोत तिरपा टाकल्यावरच दिसत असेल, तर तो अमायलूडिनियम नावाचा निराळाच जीव. तो दोन-चार दिवसांत पेटी रिकामी करतो, आणि कित्येकदा ठिपके दिसायच्या आधीच मासा धापा टाकू लागतो. फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या गाठी पराच्या कडेला आल्या असतील आणि आठवडेच्या आठवडे तिथेच बसून राहिल्या असतील, तर तो विषाणू. त्याला औषध नाही आणि बहुधा लागतही नाही. चांगले पाणी आणि चांगले खाणे मिळाले की त्या आपोआप जातात. क्लाउनफिशच्या अंगावर ठिपक्यांऐवजी शेंबडासारखा पांढरा लेप सुटला, तर ती चौथीच गोष्ट.

हे सगळे आम्ही त्या रात्री वाचून काढले आणि ‘वाळू असावी’ असा निष्कर्ष काढला. तो आम्हांस हवा होता म्हणून काढला, हे आता कबूल करावयास हरकत नाही. पेटीत तर वाळूच नव्हती.

आमच्याकडे त्या दिवसांत आत्या राहावयास आली होती. आत्याला विशीपासून कोड आहे. दोन्ही हात, ओठांची कड, उजव्या डोळ्याभोवतीचे कातडे. कोड संसर्गाने होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती कातडीला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, त्यातून ते होते. परंतु आपल्या जुन्या शब्दांनी त्याला ‘श्वेतकुष्ठ’ म्हणून ठेवले, आणि त्या एका समासाने किती मुलींची लग्ने मोडली याची गणती कोणी ठेवलेली नाही. (खुद्द कुष्ठरोगसुद्धा घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत शाबूत होता, तोपर्यंत तो औषधाने पूर्ण बरा होत असल्याला कितीतरी वर्षे उलटली होती.) आत्याचेही ठरलेले लग्न मोडले. ती शिवणकाम करून राहिली. आमच्या लहानपणी घरात तिची वाटी वेगळी असे, आणि ती वाटी कोणती हे आम्हां पोरांना न सांगता ठाऊक असे.

बुधवारी सकाळी चहा घेता घेता ती पेटीपुढे बसली आणि म्हणाली, “कालचे ठिपके गेले बघ. हे दुसरेच हायेत.”

आम्ही म्हटले, “तेच आहेत, आत्या. वाळू आहे ती.”

“वाळू नाही. माझे डाग जागा सोडत नाहीत, वाढतात नुसते. पेन्सिलीनं कड आखून बघितलंय मी वर्षानुवर्षं. ह्याचे काल शेपटीपाशी होते, आज डोळ्याला आलेत.”

आम्ही हसलो. ज्या खुणेने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओळखतात ती नेमकी हीच, हे आम्हांस पंधरवड्याने कळले. आठवडाभर एकाच जागी बसून राहिलेला ठिपका बहुधा या रोगाचा नसतो. या रोगाचे ठिपके येतात, जातात, जागा बदलतात. पन्नास वर्षे स्वतःच्या कातडीवरच्या सीमारेषा तपासत आलेल्या बाईने ते एका दिवसात वाचले होते.

संध्याकाळपर्यंत मासा मडक्याच्या कपारींना अंग घासू लागला, तेव्हा वाळूचा पक्ष आम्हांस सोडावा लागला. आता आम्ही दुसरी चूक केली. गोड्या पाण्यातल्या माशांनाही असाच रोग होतो, आणि त्यावर पाणी थोडे गरम करावे व निळे औषध टाकावे हे आमच्या गावातल्या मत्स्यप्रेमी पोरांनाही पाठ आहे. आम्ही तेच केले. गोड्या पाण्यातल्या त्या जीवाचे नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, म्हणजे ‘बहुप्रसवा मत्स्य-ऊ’. खाऱ्या पाण्यातल्याचे क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स. जपानात सिकामा यांनी १९३७ साली त्याची नोंद केली आणि १९५१ साली ब्राउन यांनी त्याला हे नाव दिले. (त्याच वर्षी मुंबईत तारापोरवाला मत्स्यालय उघडले, शाळेच्या सहलीत ते पाहून आम्हांस हे वेड लागले.) दोन्ही एकपेशीय, दोन्हींचे ठिपके सारखे, दोन्हींचे आयुष्यचक्र सारखे. पुष्कळ वर्षे त्यांना भाऊभाऊ समजत. पुढे जनुके तपासल्यावर कळले की त्यांचे नाते दूरचे आहे. राहणी सारखी म्हणून रूप सारखे झाले. तुलनात्मक साहित्य शिकवणाऱ्या माणसाने केवळ रूपसाम्यावरून वंश ठरवावा यापरती नामुष्की नाही.

तरीही गुरुवारी ११ तारखेला सकाळी मासा स्वच्छ होता. अंगावर एकही ठिपका नाही. आम्ही महाविद्यालयात जाताना पेढे घेतले, कर्मचारी-कक्षात वाटले, आणि औषधाचा गुण सविस्तर सांगितला.

वस्तुतः औषधाने काहीच केले नव्हते. काव्यशास्त्रात लक्षणेची पहिली अट मुख्यार्थबाध. शब्दाचा सरळ अर्थ जिथे लागेनासा होतो तिथे वाचकाने थांबून दुसऱ्या अर्थाकडे वळावयाचे असते. गंगेवरचा गवळीवाडा म्हटले की तो पाण्यावर नसून काठावर आहे हे विद्यार्थ्यांनाही कळते. ‘ठिपके गेले म्हणजे रोग गेला’ हा आमचा मुख्यार्थ होता, आणि त्याला बाध येईल अशी प्रत्येक गोष्ट समोर असताना आम्ही थांबलो नाही. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थराखाली शिरून त्याच्यावर जगणारा जीव. तिथे त्याला औषध पोचत नाही. तीन ते सात दिवस खाऊन-पिऊन तो गलेलठ्ठ होतो आणि स्वतःहून गळून पडतो, बहुधा पहाटेच्या अंधारात. तळाशी काही तास सरपटून तो कठीण कवचाचा कोश बांधतो. तिथेही औषध पोचत नाही. कोशात त्याची विभागणी होत राहते आणि एकेका कोशातून दोनशेपर्यंत पिल्ले बाहेर पडतात. त्यांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाला संधी मिळते ती एवढ्याच मोकळ्या काळात. म्हणजे ज्या गुरुवारी आम्ही पेढे वाटत होतो त्या गुरुवारी आमच्या मडक्यांच्या कपारींत कोश बांधून झाले होते.

२० जुलैला ते परतले. या वेळी मोजणे शक्य नव्हते. टँगच्या अंगावर रवा उधळल्यासारखे दिसत होते, आणि दोन्ही क्लाउनफिशही त्यात आले होते. ठिपके कातडीवर दिसतात, पण घात होतो तो कल्ल्यांत, जिथे आपल्याला काही दिसत नाही. टँगचे कल्ले वेगाने उघडमीट करू लागले. तो पंपाच्या धारेत तोंड धरून राहिला, कारण प्राणवायू तिथे अधिक. त्यात कातडीला पडलेल्या असंख्य भोकांतून अंगातले पाणी झिरपून जाते. समुद्रातल्या माशाच्या शरीरापेक्षा बाहेरचे पाणी खारट असते, त्यामुळे तो धडधाकट असतानाही सतत कोरडा पडत असतो आणि ती तूट समुद्र पिऊन भरून काढत असतो. आमच्या पेटीत तो मासा दोनशे लिटर पाण्यात तहानेने मरत होता. २३ तारखेच्या रात्री दोनच्या सुमारास तो कुशीवर पडला. आत्या जागी होती. तिने काही म्हटले नाही. आम्ही दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बाजारातून प्लॅस्टिकचा मोठा टब आणला, त्यात चाळीस लिटर खारे पाणी केले आणि क्लाउनफिशची जोडी तिकडे हलवली. औषध तांब्याचे. आमच्याकडचा द्राक्षबागाईतदार ज्याला मोरचूद म्हणतो तेच. चुन्यात मिसळून तो त्याचे बोर्डो करतो. कृषी सेवा केंद्रातले मोरचूद वापरण्याचा धीर झाला नाही. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेतले शुद्ध मोरचूद सुमारे चार ग्रॅम तोलून लिटरभर पाण्यात विरघळवून दिले, म्हणजे मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅम तांबे. हवे होते लिटरमागे ०.२० मिलिग्रॅम, चाळीस लिटरला आठ मिलिलिटर. तेही एकदम नव्हे, दोन दिवसांत थोडे थोडे. मात्रा ०.१५ च्या खाली गेली तर परजीवी जगतात, फार वर गेली तर मासाच मरतो. शिवाय टबात वाळू-शिंपले काही ठेवायचे नाहीत, कारण चुनखडी तांब्याला ओढून घेते. बोर्डोत चुना जे काम मुद्दाम करतो तेच इथे नको असते. तेव्हा रोज सकाळी चाचणीची नळी उजेडात धरून रंग जुळवावयाचा आणि तूट भरावयाची. मूळ पेटीत हे औषध कधीच घालता येत नाही, खेकडे त्याने मरतात. पेटीला एकच उपाय: तिच्यात मासा ठेवायचा नाही. कोश फुटावयास तीन दिवसांपासून बहात्तर दिवसांपर्यंत काहीही लागू शकतात. म्हणून पेटी ७६ दिवस बिनमाशांची ठेवण्याचा रिवाज आहे.

टबासाठी जाळी वेगळी, नळी वेगळी, हात धुण्याचे पाणी वेगळे. बर्फातले खाणे भिजवावयास एक भांडे हवे होते. आत्या आत गेली आणि तिच्या पिशवीतून जर्मनची एक पोचे आलेली वाटी घेऊन आली.

“ही घे,” ती म्हणाली. “ही वेगळीच हाय.”

ती वाटी आम्ही ओळखली. ती तिने आजवर जपून का ठेवली असावी, हे विचारण्याचा अधिकार आमच्यापाशी आहे असे वाटले नाही. ती घेऊ नये असेही वाटले, पण न घेणे हा तिचा आणखी एक अपमान झाला असता. की घेणे हा झाला, ते अजूनही कळत नाही. घेतली.

तांबे एकवीस दिवस राखले. चौथ्या दिवशी क्लाउनफिशवरचे ठिपके गेले, तेव्हा घरात कोणी काही बोलले नाही आणि पेढेही आणले नाहीत. पुढचे दिवस त्यांनी साध्या खाऱ्या पाण्यात काढले. पेटीत मात्र पंप चालू होता, दिवे वेळेवर लागत होते, खेकडे मडक्यांवरून फिरत होते. घरी येणारे विद्यार्थी विचारत, “सर, मासे नसताना लाइट कशाला?” दिनदर्शिकेवर आत्या रोज एक चौकट पेन्सिलीने खोडत असे, गावी गेली तेव्हा फोनवर विचारून घेऊ लागली.

७६ वा दिवस ८ ऑक्टोबरला, नवरात्रात आला. तुळजापूरच्या रस्त्याने अनवाणी माणसे चालली होती, आणि आम्ही दार लावून दोन्ही मासे जाळीने उचलून पेटीत सोडले. मोठी मादी सरळ आपल्या जुन्या मडक्यात शिरली. लहान नर थोडा वेळ काचेशी घुटमळला आणि तिच्यामागे गेला. टब आम्ही उन्हात वाळत घातला. वाटी घासून, पुसून फडताळात ठेवली. आत्या दिवाळीला येणार होती.