करवत निवडताना

घरात फ्रीज किंवा दुचाकी घ्यायची ठरली, की आपल्याकडे सगळं घर तज्ज्ञ होतं. शेजारी बोलतात, पाहुणे बोलतात, चहा देणारा पोरगाही दोन शब्द ऐकवून जातो. लोखंड कापायची यांत्रिक करवत घ्यायची म्हटली, की मात्र सगळे गप्प! गेल्या वर्षी ही वेळ आमच्या कुटुंबावर आली. कॅटलॉग इंग्रजीत होते आणि घरात एम. ए. झालेला मी एकटा. त्यामुळे ते वाचायचं काम माझ्याकडे आलं.

संतपुरात माझ्या धाकट्या भावाचं लहानसं वर्कशॉप आहे. एक जुना लेथ, एक ड्रिल आणि वेल्डिंगचा सेट. राशीच्या मशीनचा शाफ्ट, ट्रॉलीची पिन, पिठाच्या गिरणीचा बुश, असली कामं येतात. औरादचा शेतकरी येऊन मराठीत गाऱ्हाणं सांगतो, भालकीकडचा म्हणतो, "शाफ्ट मुरीतु री, इवत्ते बेकु!" तुरीची रास खळ्यावर पडलेली असते आणि आभाळ भरून आलेलं असतं. अशा वेळी 'उद्या या' म्हणून चालत नाही.

पण ५० मिलिमीटर जाडीची सळई हातकरवतीनं कापायला भावाला अर्धा तास लागायचा. वीस वर्षं हेच केल्यानं त्याचा उजवा खांदा गेला. डॉक्टरांनी हातकरवत बंद करायला सांगितली. आयटीआय झालेल्या पुतण्याला पुण्याहून मित्रांचे फोन येत होते. "अप्पा, मशीन घेणार असाल तर थांबतो," एवढंच तो म्हणाला. म्हणजे प्रश्न नुसत्या करवतीचा नव्हता.

आमच्यापुढे तीन वाटा होत्या. पहिली म्हणजे घासणाऱ्या चाकाचं कटिंग मशीन. ते स्वस्त असतं आणि पटकन कापतं. पण चाकाची जाडी ३ मिलिमीटरच्या आसपास, तेवढ्या लोखंडाचा दर कापाला चुरा होतो. ठिणग्यांबरोबर उडणारी खर लेथच्या पाट्यावर बसली, तर लेथ झिजतो. शिवाय मध्यम कार्बनच्या पोलादाचं टोक तापून कडक झालं, की लेथवर हत्याराची धार जाते.

दुसरी वाट पॉवर हॅक्सॉची. हे दणकट, साधं आणि जुन्या बाजारात सहज मिळणारं मशीन. पण ते एकाच दिशेनं जाताना कापतं, परतीची फेरी रिकामी जाते. तिसरी वाट बँडसॉची. यात दातांची लांब पट्टी दोन चाकांवरून सतत एकाच दिशेनं फिरते. रिकामी फेरी नाही. ५० मिलिमीटरची सळई तीन-चार मिनिटांत कापून होते. पट्टी ०.९ मिलिमीटर जाडीची असली, तर काप साधारण दीड मिलिमीटरचा पडतो. चाकाच्या तुलनेत दर कापाला दीड मिलिमीटर वाचले आणि महिन्याला समजा २०० तुकडे कापले, तर ३० सेंटिमीटर सळई वाचते. ५० मिलिमीटरच्या सळईत हे वजन साडेचार किलोंच्या वर जातं.

बँडसॉ हवा हे ठरलं, पण कोणता? पुतण्याला दोन खांबांचं, आपोआप पुढं सरकणारं मोठं मशीन हवं होतं. हैदराबादच्या राणीगंजमध्ये त्यानं ते पाहिलं होतं. "काका, कारखान्यांचं काम मिळेल!" तो सांगत होता. मुद्रा योजनेच्या किशोर गटात ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत कर्ज मिळतं. मोठ्या मशीनसाठी बँकेकडून मिळणाऱ्या रकमेवर आणखी भर घालावी लागणार होती. भावजयीनं न बोलता पाटल्या काढून ठेवल्या. भावानं त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

मी म्हटलं, आधी महिनाभर वही ठेवू. काय कापलं, किती जाड, किती तुकडे, रोज लिहायचं. भावजय कलबुर्गीकडची, हिशेब कन्नडमध्ये लिहिते, तेव्हा वहीही कन्नडमध्येच झाली. महिन्याअखेर चित्र स्वच्छ दिसलं. बहुतेक माल ७५ मिलिमीटरच्या आतला. एकाच मापाचे शंभर तुकडे एकदाही नाहीत, सगळी एक-दोन नगांची कामं. आपोआप सरकणाऱ्या मशीनचा फायदा शंभर सारखे तुकडे कापताना होतो. आमच्याकडे दर नगाला माप बदलतं. आम्हाला हवं होतं बिजागरीवर खाली येणारं, सात इंचांपर्यंत कापणारं साधं मशीन.

खरा प्रश्न भावजयीनं विचारला, "पट्टी तुटली तर संतपुरात कोण जोडून देणार?" कॅटलॉगमध्ये याचं उत्तर नव्हतं. म्हणून आम्ही ज्या लांबीची पट्टी बाजारात सर्रास मिळते, तेच मशीन पाहिलं आणि दोन पट्ट्या जादा घेतल्या.

पट्टीच्या दातांचंही शास्त्र आहे. निदान तीन दाते मालात एका वेळी असले पाहिजेत, नाहीतर ते झडतात. भरीव जाड सळईला इंचाला चार ते सहा दाते, पातळ पाइपला दहा ते चौदा. करवतीला कन्नडमध्ये गरगस म्हणतात आणि दाताला हल्लु. "पाइपक्क सण्ण हल्लु," असं भावजयीनं खडूनं भिंतीवर लिहून ठेवलं आहे. नवी पट्टी पहिले काही काप निम्म्या दाबानं चालवायची. चुरा कुरळा पडला तर ठीक, पीठ पडलं तर दाब कमी आणि निळा पडला तर दाब जास्त. मध्येच वीज गेली, तर करवत वर उचलल्याशिवाय बटण दाबायचं नाही. फिरत्या पट्टीजवळ हातमोजे घालायचे नाहीत, ते ओढले जातात. गुंडाळलेली पट्टी सोडताना मात्र हातमोजे हवेतच, कारण ती स्प्रिंगसारखी उसळते.

या निमित्तानं लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण झाली. बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला १८६९ मध्ये जन्मलेल्या या माणसानं १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर केले, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. १९४१ मध्ये हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर सुरू झाला आणि तिथले लेथ गावोगाव पोचले. तो कारखाना बंद पडला, पण त्याचे लेथ अजून कुठं कुठं फिरताना दिसतात. आपल्या सीमाभागाला यंत्राचं वेड नवं नाही. पण लक्ष्मणरावांनी यंत्रं केली ती समोरच्या शेतकऱ्याची गरज पाहून.

मशीन येऊन आठ महिने झाले. पाटल्या परत भावजयीच्या हातात आहेत, कर्जाचे हप्ते वेळेवर जातात. भावाचा खांदा पूर्ण बरा झालेला नाही, पण रात्री झोप लागते. पुतण्यानं स्वतःला दोन वर्षांची मुदत दिली आहे. तो थांबेल की जाईल, हे मी सांगू शकत नाही आणि त्याला विचारतही नाही.

कुणी असं यंत्र घेणार असेल, तर एकच सांगेन. दुकानदाराकडे जाण्याआधी महिनाभर वही ठेवा. भाषा कोणतीही असो, आकडे खरे लिहा. आमची वही अजून चालू आहे. गेल्या महिन्यात तिच्यात पहिल्यांदाच एका मापाचे चाळीस तुकडे आले, आणि त्या ओळीखाली पुतण्यानं दोन रेघा ओढल्या आहेत.