गोत्र, पाठभेद आणि मातुलकन्या

घरांत विवाहाचा विषय निघाला कीं प्रथम गोत्र विचारलें जातें, आणि गोत्र भिन्न निघालें म्हणजे रक्ताचा प्रश्न मिटला अशी बहुतेक वडीलधाऱ्यांची समजूत असते. परंतु गोत्र केवळ पित्याकडून चालतें. चार पिढ्या मागें गेलें तर प्रत्येकास सोळा पूर्वज असतात. त्यांपैकीं गोत्र सांगतें तें एकट्या खापरपणजोबांचें. उरलेल्या पंधरांविषयीं तें मुकें असतें. आमच्या नाशकांत रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्या ज्यांनीं उघडून पाहिल्या असतील त्यांस हें सांगावयास नको. आजोबा, पणजोबा, त्यांचे वडील, सर्वांचीं नांवें ओळीनें सांपडतात; पण पणजीची आई कोणत्या घरची, हें शोधूं गेल्यास बहुधा हातीं कांहीं लागत नाहीं.

आमचें शिक्षण जुन्या मॅट्रिकपुरतें. जन्म गेला संस्कृत शिकविण्यांत. जीवशास्त्र हा आमचा विषय नव्हे. तथापि पाठभेद म्हणजे काय हें ज्यास ठाऊक आहे, त्यास आनुवंशिकतेचें शास्त्र तितकेंसें परकें वाटत नाहीं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें व १९६६ सालीं पूर्ण केलें. त्यासाठीं शेंकडों पोथ्या ताडून पाहण्यांत आल्या. नक्कल करतांना एका लेखकाच्या हातून एखादें अक्षर बदलतें, आणि त्या पोथीवरून उतरलेल्या साऱ्या पोथ्यांत तोच पाठ चालत राहतो. उत्तरेकडील आणि दाक्षिणात्य पोथ्या निराळ्या पडल्या त्या अशाच.

मनुष्यदेहाची पोथी सुमारे तीन अब्ज अक्षरांची आहे. तिची एक प्रत मातेकडून व एक पित्याकडून येते. नक्कल होतांना प्रत्येक नवजात बालकांत साठ-सत्तर अक्षरें अशीं पडतात कीं जीं आईबापांपैकीं कोणाजवळहि नव्हतीं. यासच शास्त्रज्ञ उत्परिवर्तन म्हणतात. शिवाय प्रत्येक अपत्याच्या वेळीं आजोबा-आजींच्या पानांची नव्यानें सरमिसळ होते. म्हणून सख्खे भाऊहि एकमेकांसारखे नसतात.

बहुतेक पाठभेदांनीं कांहीं बिघडत नाहीं. क्वचित् एखादा लाभाचाहि ठरतो. द्राक्षाच्या थॉमसन सीडलेस जातीच्या वेली काडीपासून वाढवितात, म्हणजे त्या सर्व एकाच वेलीच्या नकला. तरी सोलापूर जिल्ह्यांतील नान्नज येथें नानासाहेब काळे यांस तिच्यांत लांबट मण्यांचा फेर आढळला आणि ‘सोनाका’ ही जात जन्मास आली. तेथें निवड बागाइतदारानें केली. अन्यत्र ती रोगराई करते. सिकलसेलचा पाठ एकाच बाजूनें आला तर हिंवतापापासून कांहीं अंशीं संरक्षण देतो. दोन्ही बाजूंनीं आला तर तोच जिवावर बेततो. जेथें हिंवताप पिढ्यान् पिढ्या मुक्कामास होता, तेथें तो टिकून राहिला. नंदुरबार, गडचिरोलीप्रमाणें आमच्या जिल्ह्याच्या डोंगरपट्टींतहि अनेक आदिवासी कुटुंबें त्याचें दुःख भोगीत आहेत.

तिसरें कारण निव्वळ दैव. थोड्या कुटुंबांपासून एखादी जात वाढली आणि तिनें आपसांतच विवाह केले, तर त्या मूळ कुटुंबांतील चुका सर्वत्र पसरतात. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रांतील व परदेशांतील संशोधकांनीं २०१७ सालीं दक्षिण आशियांतील २६३ समूहांविषयीं लिहिलें; त्यांपैकीं ८१ समूहांत हा परिणाम फिनलंडच्या लोकांहूनहि तीव्र आढळला. त्यांत कांहीं समूह दहा लाखांहून मोठे होते. तेव्हां संख्या मोठी म्हणून रक्त विविध, असें मानण्याचें कारण नाहीं.

हें सर्व आम्हांस पुस्तकांतच राहूं देतां आलें असतें. पण गतवर्षीं आमच्या चिरंजीवांसाठीं आमच्या मेहुण्यांच्या कन्येचें स्थळ निघालें. मुलगी गुणी, सौभाग्यवतींची इच्छा फार. आमचे वडील बंधु म्हणाले, “गोत्र भिन्न आहे, मामाची मुलगी आपल्यांत चालते, आणि दाक्षिणात्यांचा हा आचार बौधायनानेंहि नोंदला आहे.” तें खरें. १९५५ चा हिंदु विवाह कायदाहि रूढि असेल तेथें आड येत नाहीं. परंतु याज्ञवल्क्यानें मातृकुलाकडील पांच व पितृकुलाकडील सात पिढ्या वर्ज्य सांगितल्या आहेत, याचीहि आम्हीं त्यांस आठवण दिली.

आते-मामे भावंडांचा आठवा हिस्सा समाईक असतो. त्यांच्या अपत्यांत सोळांत एक स्थळ असें निघतें कीं जेथें दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या पोथीवरून उतरलेल्या असतात. एका पोथींतील चूक दुसरीवरून सुधारतां येते. पण दोन्ही एकाच मूळ प्रतीच्या असतील तर ताडून काय लाभ? सामान्यतः शंभर बालकांत दोन-तीन जन्मजात गंभीर व्याधीचीं असतात. अशा विवाहांत तें प्रमाण साधारण दुप्पट होतें. म्हणजे बहुसंख्य मुलें निरोगीच निपजतात. पण सरासरीनें एका घराचा निर्णय होत नाहीं. मेहुण्यांच्या थोरल्या बंधूंचा विवाह असाच नात्यांत झालेला, आणि त्यांचा मुलगा जन्मतः बधिर आहे.

आम्ही आग्रह धरला तो इतकाच कीं तपासणी करूनच होय-नाहीं ठरवावें. प्रथम त्या मुलाचें रक्त तपासलें, मग या दोघांचें. ज्या जनुकाच्या दोन्ही प्रतींत त्याची चूक निघाली, तीच चूक या दोघांजवळ एकेका प्रतींत होती. चार अपत्यांत एक बधिर होण्याचा संभव, असें डॉक्टरांनीं सांगितलें. दोघांनींच विचार करून नकार कळविला. मेहुणे दिवाळींत आले नाहींत. सौभाग्यवतींनीं भाऊबीजेचें तबक तयार करून ठेविलें होतें.

त्या बधिर मुलानें, जो आज उत्तम आरेखक आहे, मोबाईलवर लिहून आम्हांस विचारलें, “माझ्यासारखें मूल होऊं नये म्हणूनच ना?” आम्हीं लिहिलें, “तुझ्यासारखें झालें असतें तर तें आमचेंच होतें. पण आधीं जाणण्याचा त्या दोघांस अधिकार होता.” त्यानें वाचलें आणि मोबाईल खिशांत घातला. रुसला कीं त्यास पटलें, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं.

वाचकांस एकच सुचवावयाचें आहे. मुलामुलींचीं टिपणें करतांना आईकडील चार पिढ्यांचीं नांवें, गांवें व आजार वृद्ध स्त्रियांस विचारून लिहून ठेवावे. त्यांच्यामागें तें सांगणारें कोणी राहत नाहीं.