शनीचें हरवलेलें कडें

आकाशाविषयीं आमच्या शाळेंतील मुलांस जें ठाऊक असतें, त्यांतील फारच थोडें मीं शिकविलेलें असतें, हें प्रथमच कबूल केलें पाहिजे. तें त्यांस मोबाईलवरील व्हिडिओंनीं शिकविलेलें असतें. कृष्णविवर, न्यूट्रॉन तारा, विश्वाचें सुमारें १३८० कोटी वर्षांचें वय, हे शब्द मुलें अशीं उच्चारतात कीं, जणूं इतवारीच्या बाजारांतील भाव! आमच्या पिढीस विश्वाची ओळख डॉ. जयंत नारळीकरांच्या मराठी लेखांनीं व कथांनीं करून दिली. त्यांत चित्रें थोडीं आणि विचारास जागा पुष्कळ असे. म्हणून या व्हिडिओंविषयीं माझ्या मनांत अढी होती. निर्वात अवकाशांत तारा फुटतो आणि त्याचा गडगडाट ऐकूं येतो! ध्वनीला माध्यम लागतें हें मीं वर्गांत शिकवावयाचें, आणि मुलांनीं घरीं जाऊन हा गडगडाट ऐकावयाचा.

तरी माझी स्वतःची बाजूहि फारशी भक्कम नाहीं. २४ ऑक्टोबर १९९५ रोजीं, ऐन दिवाळींत, खग्रास सूर्यग्रहण झालें. नागपुरांत तें खंडग्रास होतें. डोळ्यांस अपाय होईल या भयानें आईनें दारें-खिडक्या लावून घेतल्या, आणि राजस्थानांतील खग्रास अवस्था आम्हीं भावंडांनीं दूरदर्शनवर पाहिली. बाहेर अंगणांत ऊन फिकट झालें होतें; तें मात्र आम्हांपैकीं एकानेंहि पाहिलें नाहीं.

त्याची रुखरुख म्हणा, पण मुलांस खरें आकाश दाखवावें असें मला नेहमीं वाटे. २०२५ च्या नोव्हेंबरांत एका शनिवारीं सायंकाळीं शाळेच्या गच्चीवर तीन इंची दुर्बीण लावली. दक्षिणेस शनि चांगला वर आला होता. रांगेंत नववींतील एक मुलगा होता. वर्गांत फारसा न बोलणारा, पण व्हिडिओ पाहून वहीच्या मागच्या पानांवर शनीचीं चित्रें काढणारा. त्यानें बराच वेळ पाहिलें आणि हळूच विचारलें, "सर, याची रिंग कुठं गेली?"

मीं पाहिलें. ज्वारीच्या दाण्याएवढा पिवळसर गोळा, आणि त्यांतून आरपार गेलेली केसासारखी एक रेघ. मोठ्या रुबाबानें मीं सांगितलें, "दुर्बीण लहान आहे, बाळा. व्हिडिओत दिसतं तसं इथं दिसायचं नाही." मुलें हिरमुसलीं. खरें सांगावयाचें तर मला मनांतून थोडें बरेंच वाटलें.

सोमवारीं प्रार्थना संपतांच तो वही घेऊन माझ्यापुढें उभा राहिला. रविवारीं शोधून पाहिलेल्या एका व्हिडिओवरून त्यानें आकृति काढली होती. शनीचा अक्ष कललेला असल्यामुळें त्याच्या साडेएकोणतीस वर्षांच्या प्रदक्षिणेच्या काळांत दोन वेळां त्याचें कडें आपणांस केवळ धारेकडून दिसतें. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावणेतीन लाख किलोमीटर पसरलेलें हें कडें बहुतेक ठिकाणीं शंभर मीटरहि जाड नाहीं! २३ मार्च २०२५ रोजीं पृथ्वी त्याच्या पातळींतून गेली होती, आणि नोव्हेंबरांत तें पुन्हां जवळजवळ तसेंच आडवें झालें होतें. गॅलिलिओनें १६१० सालीं शनीच्या दोहों बाजूंस कांहीं तरी पाहिलें व १६१२ मध्यें तें नाहींसें झालेलें पाहून तो चकित झाला; उलगडा ह्युजेन्सनें १६५९ सालीं प्रसिद्ध केला. हें सर्व मीं कॉलेजांत वाचलें होतें. ऐन वेळीं दुर्बिणीस दोष देणें सोपें गेलें.

ज्या मुलांसमोर चुकीचें सांगितलें, त्यांच्याचसमोर तें दुरुस्त करावयाचें होतें. तो दिवस मीं टाळला. मंगळवारीं त्या मुलास फळ्याजवळ बोलाविलें. त्यानें जेवणाच्या डब्याचें झाकण वर्गासमोर धरलें आणि हळूहळू आडवें केलें. वर्तुळाची रेघ झाली. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मग सर शनिवारी काय म्हणाले?"

"सर चुकले," मीं म्हटलें.

कडें आतां दरवर्षीं अधिक उघडत जाऊन २०३२ च्या सुमारास सर्वांत रुंद दिसेल. तोंवर तो मुलगा शाळा सोडून गेलेला असेल. गच्चीवर येण्याचें त्यानें कबूल केलें आहे. झाकण मीं आणावयाचें.