फाट्यावरचे थांबणे

भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरताना नीरा-देवघरचे पाणी बराच वेळ सोबतीला असते. या वाटेने पहिल्यांदा गेलो, तेव्हा सहा मोटारसायकलींत मिळून एकच नकाशा होता. भारतीय सर्वेक्षण विभागाचा, १:५०,००० प्रमाणाचा, घड्यांवर विरत चाललेला. त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर, आणि घाट आला की समोच्च रेषा एकमेकींना चिकटू लागतात. पेट्रोलच्या टाकीवर तो पसरला की चार बोटे चार दिशांना जात. वाद मिटेपर्यंत मागे रेंगाळलेला येऊन पोहोचलेला असे. त्यातूनच एक नियम न ठरवता रुळला: फाट्यावर थांबायचे, मागच्याचा दिवा दिसल्यावरच वळायचे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत आम्ही सहाजण पुन्हा त्याच वाटेने निघालो. आता प्रत्येकाच्या हँडलवर फोन, कानात वळणे सांगणारा आवाज. चुकण्याची धास्ती नव्हती, म्हणून थांबण्याचे कारणही उरले नाही. (घाटात उपग्रहांचे संकेत मिळतात, पण नकाशा आधी उतरवून घेतला नसेल आणि नेटवर्क गेले, तर निळा ठिपका कोऱ्या पडद्यावर हिंडत राहतो. हे शहाणपण मला तेथेच आले.)

महाडात चहा सांगताना मोजले, तर पाचच. सहाव्याचा फोन लागेना. उलटे घाट चढून गेलो. तो खडीवरून घसरला होता. वाटेवरच्या माणसांनी त्याला सावलीत बसवले होते. मनगट सुजले होते. मला काय बोलावे ते सुचेना. त्यानेच खिशाकडे बोट दाखवले आणि म्हणाला, “सर, याला गप्प करा आधी. मघापासून सरळ जा म्हणतोय.”