गेम टेस्टरची वेगळी पंगत

व्हिडिओ गेम तपासणाऱ्यांबद्दल आंबेडकरी माणसाने का लिहावं, असं चळवळीतल्या एका ज्येष्ठांनी मला विचारलं. गटारात उतरून माणसं मरतात, तो आपला प्रश्न. एसीत बसून गेम खेळणाऱ्यांचं काय एवढं! गटाराचा प्रश्न पहिला, हे मान्य. पण आपली पोरं आता या दारातूनही आत शिरू लागली आहेत. पुण्यात युबिसॉफ्टचा स्टुडिओ २००८ पासून आहे, टेस्टिंगचं काम घेणाऱ्या इतरही कंपन्या आहेत. इंजिनीअरिंगची पदवी नसताना आयटीतल्या काचेच्या इमारतीत जाता येतं, म्हणून वस्तीत या नोकरीचं आकर्षण आहे. ‘गेम खेळायचे पैसे मिळतात’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचा राग येतो.

आमच्या विहारात येणारी दोन पोरं हे काम करतात. त्यांच्याकडून समजलं ते असं. गेममधलं पात्र एका लेव्हलच्या प्रत्येक भिंतीला नेऊन धडकवायचं. कुठे भिंतीत घुसतंय का, जमिनीतून खाली पडतंय का ते बघायचं. दुसऱ्या दिवशी नवा बिल्ड येतो, पुन्हा त्याच भिंती. खेळ चालू असताना कंट्रोलरचा संपर्क तोडायचा, सेव्ह होत असताना मशीन बंद करायचं, कारण प्लेस्टेशन, एक्सबॉक्सवाल्यांचे नियम असतात आणि त्यात गेम नापास झाला तर तो बाजारात जात नाही. काही सापडलं की इंग्रजीत रिपोर्ट: काय केल्यावर घडलं, दहापैकी किती वेळा घडलं, सोबत व्हिडिओ. खरं कसब इथे लागतं. बग दिसणं वेगळं आणि तो दुसऱ्याच्या मशीनवर हमखास घडवता येईल असा लिहिणं वेगळं. मग वरून शेरा येतो, ‘दुरुस्त करणार नाही’. गेम बाहेर आला की लोक शिव्या घालतात, टेस्टर झोपले होते का? त्यांनी तो बग कित्येक महिने आधी नोंदवलेला असतो.

गुप्ततेच्या करारामुळे घरी गेमचं नावही सांगता येत नाही. एकाची आई मला म्हणाली, “ताई, रात्रभर गेम खेळतो आणि कंपनी पगार देते म्हणतो. खरंय का हो?” खरं आहे म्हटलं, पण तिचं समाधान झालं नाही.

आता पंगतीकडे येते. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ बनवणाऱ्या ट्रेयार्क या कॅलिफोर्नियातल्या स्टुडिओबद्दल २०१९ साली कोटाकू या संकेतस्थळाने तिथल्या कामगारांशी बोलून सविस्तर बातमी दिली होती. टेस्टर कंत्राटी, त्यांचा मजला वेगळा. डेव्हलपरशी बोलू नका अशी ताकीद. गाड्या लांब लावायच्या. डेव्हलपरांसाठी मागवलेल्या जेवणाला हात लावायचा नाही. मी हे वाचलं तेव्हा मला आठवली ती मुंबईची गिरणी. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात मज्जाव. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी ही बंदी उठवण्याची मागणी लावून धरली, तेव्हा कुठे ती मागण्यांच्या यादीत आली.

दोन्ही गोष्टी एक नाहीत. कॅलिफोर्नियात विटाळ नव्हता. नोकरी बदलली की त्या माणसाचा टेस्टरपणा संपतो, आपली जात संपत नाही. पण जात ही श्रमाचीच नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे, ही बाबासाहेबांची मांडणी हातात घेतली की एकाच गेमवर राबणाऱ्या दोघांना दोन जेवणं का, हे लगेच कळतं. एकत्र जेवले तर ते पगारही विचारतील! भारतात तर या विभागणीला तयार पाया मिळतो. कोणाचं इंग्रजी शाळेपासूनचं, कोण कोणत्या कॉलेजातून आलं, यावर कोणत्या मजल्यावर बसायचं ते ठरतं. आमच्या दोघांपैकी एकाने तीन वर्षं टेस्टिंग केल्यावर पुढच्या पदासाठी अर्ज केला. त्याला पदवी विचारली. तीन वर्षांचं काम कोणी विचारलं नाही.

टेस्टर गप्प बसलेत असंही नाही. डिसेंबर २०२१ मध्ये अमेरिकेतल्या रेव्हन सॉफ्टवेअरमध्ये १२ टेस्टरांना काढण्याचं जाहीर झालं, तेव्हा सहकाऱ्यांनी काम थांबवलं. मे २०२२ मध्ये १९ विरुद्ध ३ मतांनी तिथल्या टेस्टरांनी युनियन केली. पुढच्या जानेवारीत झेनिमॅक्सच्या सुमारे ३०० टेस्टरांच्या युनियनला मायक्रोसॉफ्टने मान्यता दिली. कॅनडात मात्र बायोवेअरसाठी काम करणाऱ्या, पण पगार कीवर्ड्स या कंत्राटदाराकडून घेणाऱ्या टेस्टरांनी युनियन केली आणि २०२३ मध्ये कंत्राटच संपवलं गेलं. १३ जण घरी. कंत्राट ही व्यवस्था नेमकी यासाठी असते.

बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. आपण पहिल्यावर रोज लिहितो. दुसऱ्याचं नाव घेतलं की आपल्यातलेच काही जण कम्युनिस्ट म्हणून हिणवतात.

गेल्या आठवड्यात आणखी एका पोराचं ऑफर लेटर आम्ही मिळून वाचलं. ज्या कंपनीच्या गेमवर तो काम करणार तिचं नाव त्यात कुठेच नाही. मुदत अकरा महिने. ‘प्रकल्पाच्या गरजेनुसार जादा तास’ असं लिहिलंय, जादा पैशाचा उल्लेख नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे आणि ओव्हरटाइमला दुप्पट दर आहे. तेवढंच एक वाक्य लिहून त्याने एचआरला मेल केला. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी रुजू व्हायचंय, आणि जाऊ की नको, असं तो मला रोज विचारतोय.