अकरा काडतुसं

रायपूरला बदली झाली तेव्हा सरकारी घर मिळायला वेळ होता, म्हणून गुढ़ियारीत एका घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. गुढ़ियारी म्हणजे स्टेशनच्या मागची वस्ती. थोक बाजार, गल्लीत अडकलेले ट्रक, पावसाळ्यात अंडरब्रिजखाली साचणारं पाणी आणि रात्रभर मालगाड्यांचा आवाज. घरमालक मराठी निघाले, मूळ भंडारा जिल्ह्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले. वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्याच दिवशी काकूंनी झुणका-भाकर वर पाठवली आणि मी त्यांना काका-काकू म्हणू लागलो.

९ ऑक्टोबर २०२३ला छत्तीसगडच्या विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली, आचारसंहिता लागली. दोन-तीन दिवसांनी काका जिना चढून आले. हातात जुन्या धोतरात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

"कर्नलसाहेब, थान्यात जायचं होतं. बंदूक जमा कराची आहे. गाडी काढता काय जी?"

धोतरातून निघाली एक दुनळी, बारा बोअरची. काकांच्या वडिलांची. धानाच्या शेतात रानडुकरं शिरत म्हणून १९६३ साली त्यांनी परवाना काढला होता. आजचा शस्त्र कायदा १९५९चा, पण अंमल १ ऑक्टोबर १९६२पासून. म्हणजे नव्या कायद्याखालच्या अगदी सुरुवातीच्या परवान्यांपैकी हा एक. वडील गेल्यावर बंदूक काकांच्या नावावर आली. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार संपली, शेती भावाकडे गेली, बंदूक मात्र काकांबरोबर रायपूरला आली आणि कपाटात उभी राहिली.

मी गाडी चालवली. बंदूक आणि काडतुसं काकांच्याच मांडीवर, कारण परवाना त्यांचा. ठाण्यात मुंशीने बंदुकीचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं टेबलावर ओतली आणि मोठ्याने मोजली. अकरा. पावतीवर लिहिलं: दुनळी एक, काडतूस अकरा नग. काकांनी पावती चारदा वाचून खिशात ठेवली. प्रत्येक परवानाधारकाने निवडणुकीत हत्यार जमा केलंच पाहिजे असं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालानंतर आयोगाने छाननी समितीची पद्धत आणली, आणि कोणाचं हत्यार घ्यायचं ते ती ठरवते. काकांना नोटीस आली होती. ते गेले, बस.

त्यांच्या हातून एक काडतूस घेऊन मी बूड पाहिलं. पितळेवर 'के एफ' कोरलेलं. के एफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली पुण्याची खडकी. १८६९पासून तिथे दारूगोळा बनतो. खडकवासल्याला एनडीएत होतो तेव्हा सुटीच्या दिवशी लिबर्टीवर खडकीहून कितीदा गेलो असेन. तिथला एक नग गुढ़ियारीच्या ठाण्यात भेटावा याची मला मौज वाटली. पण त्यात नवल काही नाही. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद आहे, आणि कायदेशीर देशी काडतूस म्हणजे बहुतेक वेळा सरकारी कारखान्याचंच. आपल्याकडची .३१५ रायफलही तशीच जन्मली. .३०३ हा फौजेचा बोअर, तो लोकांच्या हाती नको, म्हणून इंग्रजांनी लोकांसाठी वेगळा बोअर चालवला. फौजेची गोळी लोकांच्या रायफलीत बसू नये, एवढाच हिशेब. इंग्रज गेले, बोअर राहिला.

त्या रात्री काकांचा मुलगा टेक्ससहून व्हिडिओ कॉलवर होता. बंदूक जमा केल्याचं ऐकून हसला. मला म्हणाला, "सर, अकरा काडतुसांची पावती? माझ्याकडे गॅरेजमध्ये किती आहेत ते मलाच माहीत नाही. हजार तरी असतील." त्याच्याकडे दोन पिस्तुलं आणि एक रायफल. २०२०मध्ये तिथे नऊ एमएमच्या गोळ्यांचा दुष्काळ पडला होता. दुकानदार माणशी एकेक खोकं देत, लोक सकाळी रांगा लावत. तेव्हापासून हा साठवून ठेवतो.

मी त्याला बरंच विचारलं, कारण हत्यार हा माझा धंदा आहे. परवानाधारी दुकानातून बंदूक घेतली तर पार्श्वभूमीची तपासणी होते, १९९८पासून संगणकावरून. टेक्ससमध्ये एका माणसाने दुसऱ्याला खाजगीत विकली तर तीही लागत नाही. २०२१पासून तिथे पिस्तूल बाळगून फिरायलाही बहुतेकांना परवाना लागत नाही. गोळ्यांची तर नोंदच नाही. १९६८च्या कायद्याने दुकानदाराला गोळ्यांच्या विक्रीची वही ठेवायला लावली होती. १९८६मध्ये ती अट काढून टाकली. कॅलिफोर्नियासारखं राज्य २०१९पासून गोळ्या घेतानाही तपासणी करतं, पण तो अपवाद. २०१८मध्ये छापलेल्या स्मॉल आर्म्स सर्व्हेच्या अंदाजाने अमेरिकेत नागरिकांकडे ३९ कोटींहून जास्त बंदुका आहेत, म्हणजे माणसांपेक्षा जास्त. आपल्याकडचा त्यांचा अंदाज ७ कोटी ११ लाखांचा, त्यातल्या नोंदलेल्या फक्त ९७ लाख. म्हणजे आपणही फार शहाणे आहोत असं समजू नये.

"त्यांच्या घटनेत हक्क आहे, आपल्या घटनेत नाही," असं आपण सहज म्हणतो. पण आपल्याकडेही ही मागणी होती. १८७८च्या लिटनच्या कायद्याने हिंदी माणसाला परवाना लावला आणि गोऱ्याला मोकळं सोडलं. तो अपमान इतका खोल होता की १९३१च्या कराची काँग्रेसच्या मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला गेला. डिसेंबर १९४८मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामतांनी तो घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी, आणि रायपूर तेव्हा त्याच प्रांतात. बाबासाहेबांनी विरोध केला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की परक्याच्या राज्यात ती मागणी ठीक होती. आता कोणीही बाजारात जाऊन वाटेल ते हत्यार घेऊ लागला तर राज्य चालवणंच अशक्य होईल. दुरुस्ती पडली.

३ डिसेंबरला निकाल लागले, बंदूक घरी आली. अकरा काडतुसंही आली.

जानेवारीत काकू गेल्या. तीन दिवस ताप आणि मग एका पहाटे संपलं. मुलगा आला, तेरावं करून परत गेला. "बाबा, चला तिकडे," म्हणाला. काका म्हणाले, "तिकडे मले कोण ओळखते?"

फेब्रुवारीत घरकाम करणाऱ्या बाईने माझ्या बायकोला सांगितलं, दादाजी रात्री दिवा लावून बंदूक पुसत बसतात. बायकोने मला सांगितलं. मी म्हटलं, वडिलांची आठवण असेल. हे मी म्हटलं, याची आजही लाज वाटते. वीस वर्षांहून जास्त नोकरी झालेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं.

१६ मार्चला लोकसभेची घोषणा झाली. दुसऱ्या दिवशी मी खाली गेलो. "काका, पुन्हा थान्यात जाऊन येऊ."

"या टायमाले राहू द्या," ते म्हणाले. "नोटीस नाही आली."

बंदूक कपाटात नव्हती. पलंगाच्या उशाला, भिंतीला टेकवलेली होती. मी काडतुसांचा डबा मागितला. सवयीने मोजली. नऊ.

"काका, नळ्या उघडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बंदूक मांडीवर घेऊन उघडली. दोन्ही नळ्यांत एकेक काडतूस होतं.

"चोरांसाठी," काका म्हणाले. मी काही बोललो नाही. त्यांनी दोन्ही काढून माझ्यासमोर ठेवली. "झोप लागत नाही, साहेब. तीन वाजता उठून बसतो. घर लय मोठं झालं."

मला माझे एक सुभेदार साहेब आठवले. मी कंपनी कमांडर होतो तेव्हा एक जवान सुटीवरून परतला तो गप्प गप्प. जेवण कमी, घरून आलेला फोन घ्यायला टाळाटाळ. सुभेदार साहेबांनी मला विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचं नाव गार्डच्या यादीतून गेलं आणि लंगरच्या यादीत आलं. कोणी कारण विचारलं नाही, कोणी काही म्हटलं नाही. दिवसभर लोकांत, चुलीपाशी, हातात पळी, हत्यार नाही. संध्याकाळी साहेब स्वतः त्याच्याशेजारी बसून चहा पीत. दीड महिन्याने तो बोलता झाला.

फौजेत हत्यार कोतमध्ये असतं, गोळी मॅगझिनमध्ये, आणि चाव्या दोन वेगळ्या माणसांकडे. फायरिंग संपलं की प्रत्येक खोखा मोजतात, एक कमी भरला तर सगळी कंपनी गवतात गुडघ्यावर. इथे एनसीसीच्या पोरांची .२२ची फायरिंग असली तरी तेच. तरुणपणी मला हा सगळा अविश्वास वाटायचा. देशासाठी जीव द्यायला चालतो, आणि एका खोख्यासाठी संशय? आता कळतं की तो संशय नाही. ती रोजची विचारपूस आहे. कोणीतरी दुसरा माणूस दर दिवशी विचारतो, किती आहेत, कुठे आहेत, तू कसा आहेस.

काडतुसं मी वर घेऊन जाऊ शकत नव्हतो. परवाना माझा नाही, तो गुन्हा झाला असता. म्हणून निवडणुकीचं निमित्त केलं. "नोटीस येईलच, आजच जाऊ," म्हटलं. तासाभरात आम्ही ठाण्यात होतो. अकरा नग, पावती.

त्या संध्याकाळी मी टेक्ससला फोन केला आणि मुलाला सगळं सांगितलं. बराच वेळ तिकडून आवाज नाही. मग त्याने विचारलं, "सर, आता रोज फोन करू का?" मी म्हटलं, "रोज कर. तीन वाजता त्यांना जाग येते, तेव्हा तुझ्याकडे दुपार असते." मग मीही विचारलं, गॅरेजच्या कपाटाची चावी कोणाकडे असते? त्याच्याचकडे. बायकोला आकडा ठाऊक नाही. हक्काचा वाद मी घातला नाही. एवढंच सांगितलं, की २०२१मध्ये त्याच्या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातली २६,३२८ स्वतःच्याच हाताने. ते आकडे त्यांच्याच सरकारी आरोग्य खात्याचे. चोर, दरोडेखोर यांच्याबद्दलच आपण बोलतो, आणि निम्म्याहून जास्त वेळा तो माणूस घरातलाच असतो.

४ जूनला निकाल लागले. काका बंदूक परत आणायला निघाले नाहीत, मीही आठवण केली नाही. पुढे एका परवानाधारी शस्त्रविक्रेत्याकडे ती रीतसर ठेव म्हणून गेली. २०१६च्या नियमांत सत्तरी ओलांडलेल्याला हयातीतच वारसाला हत्यार देता येतं. भंडाऱ्याच्या पुतण्याने अर्ज केला आहे. शेतात डुकरं अजून येतात.

हे लिहितोय ते माझ्या निवृत्त बंधूंसाठी. आपल्यातले कितीतरी जण बारा बोअरचा परवाना काढून बँकेच्या दारात उभे राहतात. नोकरी सुटते, बंदूक घरीच राहते. परवान्यावर एका वेळी किती आणि वर्षाला किती काडतुसं ते लिहिलेलं असतं. रात्री तीन वाजता झोप लागते का, तो रकाना त्यात नाही. तो घरच्यांनी भरायचा असतो. बंदूक एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, आणि दुसरी चावी दुसऱ्याकडे द्या. घरातलं कोणी गेलं असेल, तर काही महिने हत्यार ठेवीला देऊन या, त्यात कमीपणा नाही. आणि मन फारच जड झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट, मराठीतही बोलतात.

काका आता पहाटे स्टेशनच्या बाजूला फिरायला जातात. पहिले काही दिवस मी बरोबर जायचो. हल्ली ते मला उठवायला वर येतात.