हातावरचं विमान

माणसाच्या हाताला दोन गोष्टी उपजत येतात: धरणं आणि फेकणं. नुसतं स्थिर राहणं ही तिसरी गोष्ट मात्र शिकावी लागते. हे मला एका ड्रोननं शिकवलं असं सांगितलं तर तुम्ही हसाल. पण गोष्ट खरी आहे.

माझा एक जुना विद्यार्थी छायाचित्रांचा धंदा करतो. राजापूर तालुक्यात काशेळीच्या सड्यावर जांभ्या कातळात कोरलेला एक प्रचंड हत्ती आहे. लांबी सुमारे १८ मीटर. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण हत्तीपाशी उभं राहिलं तर पाय कुठला नि सोंड कुठली, काही उमगत नाही. तो वरूनच पाहावा लागतो. म्हणून रीतसर परवानगी काढून हा पठ्ठ्या निघाला, आणि मलाही घेऊन गेला.

यंत्र अवघं २४९ ग्रॅमचं. पाव किलो साखरेची पुडी म्हणा ना!

"ठेव खाली आणि उडव की," मी म्हणालो.

"गुरुजी, खाली गवत आहे. पात्यांत अडकलं की संपलं. शिवाय जांभ्यात लोखंड. होकायंत्र बिचकतं."

तेही खरंच. त्याच तालुक्यात देवाचे गोठणे इथं कातळावर होकायंत्राची सुई भलतीकडे वळते, हे प्रसिद्ध आहे.

मग त्यानं रीत दाखवली. वाऱ्याकडे पाठ करायची, म्हणजे यंत्र सरकलंच तर आपल्यापासून दूर सरकतं. हात लांब, चेहऱ्यापासून दूर. तळहात यंत्राच्या पोटाखाली सपाट. बोटं पात्यांच्या पातळीपर्यंत येता कामा नयेत. आणि उसळी द्यायची नाही. ते आपलं आपण उठतं.

उतरवणं त्याहून अवघड. पोटाखालच्या डोळ्याला आपला तळहात म्हणजेच जमीन वाटते. कधी ते जरा थबकतं, कधी थोडं वर चढतं. अशा वेळी घाईनं पकडायचं नाही. पकडून वाकडं केलं, की आपण कलंडतो आहोत असं समजून ते सावरायला पाती अधिकच जोरानं फिरवतं. बोटं कापतात ती तेव्हा. खाली आणायची दांडी पाती थांबेपर्यंत दाबून धरायची, बस्स. हे सांगणाऱ्याच्या तर्जनीवर पांढरा व्रण होता.

"आता तुमचा हात, गुरुजी."

याचा हात धरून मी 'श्री' गिरवून घेतला होता. आता हात माझा आणि दांडी त्याची. मास्तर माणसाला मधे न पडणं किती जड जातं, ते मास्तरालाच ठाऊक! घोंघावत ते खाली आलं. मनगटाला वारा लागला. बोटं मिटायला धडपडत होती. मी ती उघडीच ठेवली. हलकेच पाय टेकले, पाती थांबली, आणि हातात उरली एक कोमट, मुकाट वस्तू.

मग पडद्यावर हत्ती पाहिला. सबंध! आणि मनात आलं, ज्यानं हा कोरला त्याला तो असा कधीच दिसला नसेल. तरी त्याची एक रेघ चुकलेली नाही.